गॅसचा गीझर बाथरूममध्ये नको

गॅसचा गीझर काही वर्षांनी कुरकुरायला लागतो. बोअरवेलच्या जड पाण्यामुळे आतल्या तांब्याच्या नळीत क्षार साठतात, पाणी धड तापत नाही, कधी नळीलाच भोक पडते. दुरुस्तीला जेवढे पैसे जातात त्यात थोडी भर घातली की नवा येतो, म्हणून बहुतेक घरांत नवाच आणला जातो. आणि मग सुटीच्या सकाळी घरातलेच कोणीतरी पाना हातात घेते. जुना गीझर उतरवायचा, त्याच हुकांवर नवा टांगायचा, पाण्याच्या दोन नळ्या आणि गॅसची एक नळी जोडायची, टेफ्लॉन टेप गुंडाळायची, क्लिप आवळायची. मोबाइलवरच्या व्हिडिओत सगळे दाखवलेले असते. शेवटी सांध्यांवर साबणाचा फेस लावायचा. बुडबुडे आले नाहीत की काम झाले. प्लंबरला बोलावले तरी तो याहून वेगळे काही करत नाही. माझे म्हणणे असे आहे की फेसाची ही परीक्षा हवीच, पण तिच्यात पास झालेला गीझरही जीव घेऊ शकतो. कारण फेस सांगतो तो फक्त गॅस गळतो की नाही एवढेच. गॅस जळण्यासाठी हवा कुठून येते आणि जळल्यावरचा धूर कुठे जातो, हे त्याला विचारता येत नाही. गीझर बदलताना खरा प्रश्न तोच असतो आणि आपल्याकडे तो कोणीच विचारत नाही.

गळतीची भीती खोटी आहे असे अजिबात नाही. सिलिंडरचा गॅस, म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचे मिश्रण, हवेपेक्षा जड असते. ते वर उडून जात नाही, जमिनीलगत आणि मोरीच्या खळग्यात साचते. हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेले की ठिणगी पुरते. चार बाय सहा फुटांच्या बाथरूमचा हिशेब केला, तर 14.2 किलोच्या सिलिंडरमधला जेमतेम पाव किलो गॅस तेवढ्याला पुरेसा होतो. म्हणून शेगडीच्या नळीतून मध्येच टी काढून गीझरला जोड देणे, साधी हिरवी रबरी नळी भिंतीच्या भोकातून ओढून नेणे, क्लिपऐवजी तार पिळणे, हे सगळे धोक्याचेच आहे. आयएसआय शिक्क्याची, आत तारेची जाळी असलेली केशरी नळी वापरावी आणि ती पाच वर्षांनी बदलावी, हा नियम गॅस कंपन्या वर्षानुवर्षे सांगत आल्या आहेत. तो पाळलाच पाहिजे. पण गळतीच्या बाबतीत आपल्याकडे एक पहारेकरी आहे, तो म्हणजे वास. तो वास गॅसचा स्वतःचा नाही, माणसाने मुद्दाम मिसळलेला आहे, आणि त्यामागे एक भयंकर घटना आहे. अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन या गावच्या शाळेने खर्च वाचवण्यासाठी कंपनीकडून येणारा गॅस बंद करून जवळच्या तेलक्षेत्राच्या वाहिनीतून परस्पर जोडणी घेतली होती. त्या गॅसला वास नव्हता. गळती होत राहिली, तळघरात गॅस साचत राहिला, कोणालाही कळले नाही. 18 मार्च 1937 रोजी स्फोट झाला आणि सुमारे तीनशे जण गेले, त्यातली बहुतेक शाळकरी मुले होती. त्यानंतर गॅसमध्ये उग्र वासाचे रसायन मिसळणे सक्तीचे होत गेले. आज आपल्या स्वयंपाकघरात गॅस गळला की नाकाला चटकन कळते ते त्यामुळेच.

कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत असा पहारेकरी नेमताच येत नाही. तो सिलिंडरमध्ये नसतो, पाइपमध्ये नसतो. तो ज्योतीत तयार होतो, जेव्हा गॅसला जळायला पुरेसा प्राणवायू मिळत नाही तेव्हा. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही, खोकला आणत नाही. जोडणी कितीही घट्ट असो, सांध्यावर एकही बुडबुडा येत नसो, तो तयार व्हायचा तेव्हा होतोच.

तो का तयार होतो, हे समजायला थोडे अंकगणित पुरते. सहा लिटरचा गीझर म्हणजे मिनिटाला सहा लिटर पाण्याचे तापमान साधारण 25 अंशांनी वाढवणारे यंत्र. त्यासाठी सुमारे 12 किलोवॅटची ज्योत लागते. स्वयंपाकाच्या शेगडीचा एक मोठा बर्नर दोन-अडीच किलोवॅटचा असतो. म्हणजे गीझर चालू असतो तेव्हा शेगडीचे पाच बर्नर एकदम, पूर्ण मोठे करून पेटवलेले असतात. पाच बर्नर पेटवून दार बंद करा, खिडकी लावा आणि तिथे पंधरा मिनिटे उभे राहा, असे कोणी सांगितले तर आपण त्याला वेड्यात काढू. बाथरूममध्ये आपण रोज तेच करतो. हा गीझर मिनिटाला साधारण 16 ग्रॅम गॅस जाळतो, आणि एक किलो गॅस नीट जळायला साडेपंधरा किलोच्या आसपास हवा लागते. म्हणजे दर मिनिटाला जवळपास दोनशे लिटर, दहा मिनिटांत दोन घनमीटर हवा. चार बाय सहा फुटांच्या, नऊ फूट उंचीच्या बाथरूममध्ये एकूण हवाच सहा घनमीटर असते. बाहेरून नवी हवा आली नाही, तर एका आंघोळीत एक तृतीयांश हवेतला प्राणवायू ज्योतीने खाल्लेला असतो. तेवढी वेळही यावी लागत नाही. प्राणवायू थोडा कमी होताच ज्योत अपुरी जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण भराभर चढते. पहिला माणूस सुखरूप बाहेर येतो आणि त्याच्यामागून लगेच आत गेलेला दुसरा कोसळतो, त्याचे कारण हे आहे.

आत असलेल्या माणसाला धोका का कळत नाही, हेही नीट लक्षात घ्यायला हवे. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा कार्बन मोनॉक्साइडला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरते. एकदा तो चिकटला की प्राणवायूला जागा राहत नाही आणि सर्वांत आधी त्रास होतो तो मेंदूला. डोके जड होते, मळमळते, पाय लटपटतात. पण गरम पाण्याच्या वाफेत, उपाशीपोटी सकाळच्या वेळी, ही लक्षणे कोणालाही साधी चक्कर वाटतील. काहीतरी बिघडले आहे हे ओळखण्याची शक्तीच आधी जाते. दाराची कडी समोर असते, ती काढायची ताकद हातात उरलेली नसते. बाहेरच्यांना वाटते, आंघोळीला वेळ लागतोय. भारतातल्या मेंदुविकारतज्ज्ञांनी बाथरूममध्ये बेशुद्ध पडलेल्या अशा रुग्णांबद्दल वैद्यकीय नियतकालिकांत लिहिले आहे; त्यातल्या काहींना सुरुवातीला फिट आली असावी असे समजले गेले होते. करोनाच्या काळात घरोघरी आलेला बोटाचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. प्राणवायूने भरलेले हिमोग्लोबिन आणि या विषारी वायूने भरलेले हिमोग्लोबिन यांतला फरक त्याला कळत नाही. माणूस गुदमरत असताना तो 98 दाखवू शकतो. 2023च्या होळीनंतर रंग धुवायला बाथरूममध्ये गेलेल्या जोडप्यांच्या मृत्यूच्या बातम्या मुंबईपासून गाझियाबादपर्यंत आल्या आणि संशय गीझरकडे वळला. दोन दिवस चर्चा झाली आणि विषय मागे पडला.

आता गीझर बदलण्याच्या कामाकडे पुन्हा पाहू. जुना काढून त्याच जागी नवा लावताना आपण समजतो की सगळे पूर्वीसारखेच आहे. तसे नसते. जुना सहा लिटरचा होता, नवा आठ किंवा दहाचा घेतलेला असतो, म्हणजे हवेची भूक तेवढी वाढलेली असते. जुना लावला तेव्हा बाथरूमच्या खिडकीला काचेच्या उघड्या पट्ट्या होत्या. मधल्या काळात डासांसाठी जाळी बसवली, थंडीसाठी पट्ट्यांवर प्लास्टिक चिकटवले, नूतनीकरणात सरकती काच आली. खिडकी ज्या डक्टमध्ये उघडते तो डक्ट वरच्या मजल्यावर कोणीतरी पत्रा टाकून बंद केलेला असतो. गीझर ड्राय बाल्कनीत असेल तर तो सुरक्षित समजला जातो, पण त्या बाल्कनीला चहूबाजूंनी काचा बसवल्यावर ती दुसरे बाथरूमच होते. आणि एक्झॉस्ट फॅन? तो लावला की प्रश्न मिटला, ही समजूत फार पसरलेली आहे. पंखा हवा बाहेर फेकतो, पण दाराखाली फट नसेल, आत येणाऱ्या हवेला वाट नसेल, तर तो गीझरच्या वरच्या तोंडातून निघणारा धूर उलट खोलीत ओढू शकतो. गीझरला धूर बाहेर नेणारा पाइप असेल तर त्या पाइपातूनही. पंखा म्हणजे हवा खेळती राहणे नव्हे.

याहून कमी बोलला जाणारा धोका जेटचा, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक तोटीचा, आहे. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक इथे घरे सिलिंडरवरून पाइपच्या गॅसवर जात आहेत. हे दोन वेगळे गॅस आहेत. पाइपमधून येतो तो मुख्यतः मिथेन, तेवढ्याच घनफळात सिलिंडरच्या गॅसच्या निम्म्याहून कमी उष्णता देणारा आणि कमी दाबाने येणारा. म्हणून त्याच्या बर्नरच्या जेटचे भोक मोठे असते. पाइपच्या गॅससाठी बनवलेला गीझर भावाच्या किंवा भाडेकरूच्या घरी सिलिंडरवर चढवला, तर त्या मोठ्या भोकातून गरजेपेक्षा कितीतरी जास्त गॅस बाहेर पडतो. ज्योत निळी राहत नाही, पिवळी आणि लांब होते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड ओतू लागते. पाणी मात्र भरपूर तापते, म्हणून घरातले खूश असतात. जुना गीझर इंटरनेटवरून स्वस्तात घेणाऱ्याने तो कोणत्या गॅसचा आहे हे खोक्यावर किंवा मागच्या पट्टीवर पाहिलेले नसते, आणि नळीची जोडणी दोन्हीकडे सारखीच घट्ट बसते.

यावर पहिला आक्षेप अगदी ओळखीचा आहे: इतकी वर्षे आमच्याकडे गीझर बाथरूममध्येच आहे, काही झाले नाही. हे बहुतेकांच्या बाबतीत खरे आहे आणि म्हणूनच ते फसवे आहे. उन्हाळ्यात खिडकी उघडी असते, पाणी मुळातच कोमट असते, गीझर पाच मिनिटे चालतो. धोका येतो तो डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, खिडक्या बंद असताना. किंवा नरक चतुर्दशीच्या पहाटे, घरात पाहुणे असताना, तेल-उटणे लावून एकामागून एक पाच-सहा जणांच्या आंघोळी होतात तेव्हा. त्यात गीझरच्या तांब्याच्या पत्र्यांमध्ये काजळी आणि बर्नरमध्ये कोळिष्टके साचलेली असतात. वर्षभर न घडलेली गोष्ट त्या एका सकाळी घडते. आपल्या आधीच्या पिढ्यांनी तांब्याचे बंब वापरले. बंबाच्या मधोमध धूर वर नेणारी नळी होती आणि तो परसात, पडवीत, निदान न्हाणीच्या बाहेर पेटवला जाई. त्यामागे रसायनशास्त्र नव्हते; लाकडाचा धूर डोळ्यांत जायचा म्हणून कोणी तो आत पेटवत नसे. गॅसने तो धूर घालवला आणि त्यासोबत आग बाहेर ठेवण्याची शिस्तही गेली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. स्वतः करू नका म्हणाल, पण ज्याला बोलवायचे तो मेकॅनिक तरी कुठे शिकलेला असतो? हा प्रश्न रास्त आहे. गीझर विकणाऱ्या दुकानातून येणारा माणूस अनेकदा पाण्याचे काम शिकलेला असतो, ज्वलनाचे नाही. घराच्या वायरिंगला परवानाधारक वायरमन लागतो, पालिकेच्या पाण्याच्या जोडणीला परवानाधारक प्लंबर लागतो. भिंतीवर 12 किलोवॅटची उघडी ज्योत टांगणाऱ्याकडे मात्र कोणी कसलाही कागद मागत नाही. गॅस वितरकाची तपासणी शेगडी, नळी आणि रेग्युलेटर पाहते आणि स्वयंपाकघरातून परत जाते. पण शिकलेली माणसे कमी आहेत, यावरून कोणीही करावे असा निष्कर्ष निघत नाही. शिकलेली माणसे तयार करावीत, एवढाच निघतो. ब्रिटनमध्ये पैसे घेऊन गॅसचे काम करणाऱ्याला राष्ट्रीय नोंदवहीत नाव असावे लागते. त्याच्या ओळखपत्राच्या मागे त्याला कोणकोणती कामे करता येतात ते छापलेले असते, आणि घरमालकाने ते पाहूनच त्याला आत घ्यावे असा प्रचार सतत केला जातो. त्याच देशाच्या 1998च्या गॅस सुरक्षा नियमांत एक थेट कलम आहे: बाथरूममध्ये नवे गॅसचे उपकरण बसवायचे असेल, तर ज्याची ज्योत खोलीपासून पूर्ण बंद आहे, जे हवा बाहेरून घेते आणि धूर बाहेरच सोडते, असेच बसवता येईल. उघड्या ज्योतीचे चालत नाही. आपल्याकडे दुकानांत मिळणारे बहुतेक स्वस्त गीझर उघड्या ज्योतीचे आहेत. अनेक कंपन्या आपल्या माहितीपुस्तिकेत ते बाथरूमबाहेर हवेशीर जागी लावा असे छापतातही. ती पुस्तिका खोक्यातच राहते.

तिसरा आक्षेप पैशाचा आहे. विजेचा गीझर घ्यायचा तर बिल परवडत नाही, लोडशेडिंगच्या भागात तो वेळेवर चालत नाही, भाड्याच्या घरात वायरिंग बदलायला मालक तयार नसतो. शिवाय विजेचा धक्का बसून माणसे मरत नाहीत का? मरतात. पण विजेच्या गळतीवर उपाय आहे: चांगले अर्थिंग आणि गळती होताच क्षणार्धात प्रवाह तोडणारा ईएलसीबी. तो बसवता येतो, बटण दाबून तपासता येतो. बाथरूममधल्या उघड्या ज्योतीला असा खात्रीचा पहारा नाही. आणि मी गॅसचा गीझर फेकून द्या असे म्हणतच नाही. तो बाहेर लावा, एवढेच म्हणतो. बाहेरच्या भिंतीवर, खरोखर उघड्या बाल्कनीत, गच्चीकडच्या पॅसेजमध्ये, जिथे आकाश दिसते आणि वारा लागतो तिथे. आत फक्त गरम पाण्याची नळी आणा. त्यासाठी लागणारे काही फूट पाइप आणि भिंतीतले एक भोक यांचा खर्च नव्या गीझरच्या किमतीपुढे लहान आहे. म्हणूनच गीझर बदलण्याची वेळ ही जागा बदलण्याची वेळ आहे. तो एकदा त्याच जुन्या हुकांवर टांगला की पुढची कित्येक वर्षे तिथून हलत नाही. जिथे बाहेर जागाच नाही, अशा चाळीतल्या किंवा आतल्या बाजूच्या खोलीत गॅसचा गीझर लावू नये, हे स्पष्ट सांगायला हवे. तिथे बादलीभर पाणी स्वयंपाकघरातल्या शेगडीवर, खिडकी उघडी ठेवून तापवणे अधिक सुरक्षित आहे.

हे काम एकेका घरावर सोडून भागणार नाही. गृहनिर्माण संस्था पाण्याच्या टाक्या धुण्याचे आणि लिफ्टच्या देखभालीचे ठराव करतात. पुढच्या सर्वसाधारण सभेत, दिवाळीच्या आधी, एक ठराव आणखी करा: इमारतीतल्या एकाही बाथरूममध्ये उघड्या ज्योतीचा गीझर राहणार नाही आणि डक्टचे तोंड कोणी बंद करणार नाही. गॅस वितरकांनी आणि पाइप गॅस कंपन्यांनी आपल्या तपासणीच्या अर्जात गीझरची एक ओळ घालावी: तो कुठे आहे, कोणत्या गॅसचा आहे, धूर कुठे जातो. राज्य सरकारने वायरमनसारखा गॅस फिटरचा परवाना सुरू करावा. आयटीआयमध्ये त्याचा अभ्यासक्रम चालवणे अवघड नाही, आणि त्यातून तरुणांना काम मिळेल. तोपर्यंत ज्यांच्या घरी गीझर आजही आत आहे त्यांनी बादली आधी भरून घ्यावी, गीझर बंद करावा, दार-खिडकी काही मिनिटे सताड उघडी ठेवावी आणि मगच आत जावे. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना आत असताना दर थोड्या वेळाने हाक मारावी, कडी लावू देऊ नये. सिलिंडरच्या गॅसचा वास आला तर 1906 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. आणि बाथरूममधून हाकेला उत्तर आले नाही तर दार तोडा, गॅस बंद करा, माणसाला उघड्या हवेत आणा, 108ला फोन करा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की आत गॅसचा गीझर चालू होता.